तळघरातला आवाज

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी अजून तुझ्या पथ्याला दाद देत नाहीत ना? आम्ही सगळे मजेत आहोत, एक माझं पोट सोडून. त्याची हकिगत सविस्तर लिहितो.

तू सांगितलंस, मैदा बंद कर. कडधान्यं, कोंड्याचा पाव, सालासकट सफरचंद खा. पण चमचा-चमचा वाढव आणि वर भरपूर पाणी पी. यातलं खाण्याचं तेवढं मी शिरसावंद्य मानलं. चमचा-चमचा मला जमत नाही (तू मला लहानपणापासून ओळखतेस), आणि पाण्याचं म्हणशील तर माझा धंदाच बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बसून पुस्तकं वाचायचा. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि उठलं की आमचा रेकॉर्डिस्ट डोळे वटारतो. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. शेजारच्या खोलीत कुणी जांभई दिली तरी त्याला ऐकू येते.

तर त्या दिवशी भयकादंबरीचं पहिलं प्रकरण होतं. ते पसंत पडलं तर पुढचे सगळे भाग माझे, नाहीतर दुसरा वाचक तयारच होता. सकाळी वाडगाभर कडधान्यं चापून गेलो. 'तळघरात कुणीही नव्हतं' हे वाक्य मी खालच्या पट्टीत वाचलं, आणि आतून कुणीतरी लांबलचक गुरगुरलं. कानसेनने एसी बंद केला. मग पंखा, मग बाहेरचा फ्रीज. खोलीची भट्टी झाली. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "पाइपातून येत असेल." (खोटं नव्हतं म्हणा.) शेवटी त्याने मायक्रोफोन हातात घेतला, माझ्या हनुवटीवरून खाली खाली आणला आणि पोटाशी थांबला. ताई, त्या क्षणी मला धरणी दुभंगावी असं वाटलं. काम गेलंच म्हणून मी बॅग उचलली, तर काचेपलीकडून प्रकाशकबाई ओरडल्या, "अहो, तो आवाज राहू द्या! अंगावर काटा आला!"

असं काम मिळालं. तरी मी धडा घेतला. आता चमचा-चमचा खातो, घटाघटा पाणी पितो. पोट इतकं शहाण्यासारखं वागतं की तुझी भावजयसुद्धा कौतुक करते. तुझे उपकार आहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. सोमवारी दुसरा भाग सुरू होतो. त्यात तळघरातला तो प्राणी पानंच्या पानं गुरगुरतो. कालच्या तालमीत कानसेन माझ्या पोटाशी मायक्रोफोन धरून तासभर बसला, पण पोट हूं की चूं करेना. बाई घड्याळ बघत होत्या.

आणखी ता. क. भावोजींना आठवडाभर इकडे पाठव. त्यांच्या पोटाचा आवाज मी तुझ्या घरी भिंतीपलीकडून ऐकला आहे. निघताना त्यांना कडधान्यं पोटभर वाढ, पण पाणी देऊ नकोस.