काळी ठेवू की लाल घेऊ

९ जून, बातल

आज ग्रामफूच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि बोटांना कळलंच नाही! दाबलाय की नुसता धरलाय – काही पत्ता नाही. पुढे नाला, मागे माझ्या ग्रुपच्या सात मोटरसायकली. सातही जण माझ्या मागच्या दिव्याकडे बघत येणारे. मी थांबलो की ते थांबतात, मी गेलो की तेही गेले! चाक पाण्यापासून हातभर अलीकडे थांबलं.

‘खिमीभाऊ, पाण्याचा अंदाज घेताय होय?’ मागच्या बाईंनी विचारलं. हो म्हटलं. धडधडीत खोटं.

१४ जून, घर

स्पितीहून परत. आणि चहा तयार! नेहमीसारखाच – मी अंगणात गाडी लावतोय आणि वर सज्जात चैत्री पेला घेऊन उभी.

सतरा वर्षं झाली लग्नाला, तरी याचं नवल काही ओसरत नाही. चैत्रीला ऐकू येत नाही. सात वर्षांची असताना ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. डोक्यावर ढग फुटला तरी तिला कळायचं नाही. पण माझी काळी – एका सिलिंडरची, वीस वर्षांची धडधडी – पुलावर आली की आमचं लाकडी घर थरथरतं, आणि ते चैत्रीच्या तळपायांना कळतं! पहिल्याच मोसमात माझ्या लक्षात आलं होतं. तिला विचारलं तेव्हा नुसती हसली होती. प्रत्येक ग्रुपला मी ही गोष्ट सांगतो. एक जर्मन बाई तर रडायलाच लागली.

देवानं एक दार लावलं, पण फट ठेवली. आणि त्या फटीतून कोण आत जातं? मी! माझ्यासारख्या दहावी नापासाला आणखी काय हवं?

१६ जून, कुल्लू

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली. ‘कळलं?’ म्हटलं, ‘काय कळलं?’ ते हसले नाहीत.

थरथरीनं नसा मरत चालल्यात म्हणे. उजव्या हाताची तीन बोटं. ‘गाडी सोडा, नाहीतर कमी हादरणारी घ्या. असंच चाललं तर पुढच्या वर्षी सदऱ्याचं बटण बायकोला लावावं लागेल.’

सोडून करू काय? बाग भावाच्या नावावर. मला एकच गोष्ट येते – पुढे राहून माणसांना खिंडीपार न्यायचं. आणि ब्रेक न कळणाऱ्या माणसाच्या मागे लोकांनी यावं, हे पाप आहे. ते मी करणार नाही. म्हणजे गाडी बदलायची. म्हणजे चैत्रीचं...

पुढे लिहवत नाही.

१८ जून, मनाली

अंगरूपच्या गॅरेजात गेलो. हा लाहौलचा, माझा जुना दोस्त, जीभ स्पॅनरपेक्षा कडक. त्याच्याकडे एक लाल गाडी आलीय. दोन सिलिंडरची, दोनच मोसम चाललेली. इंजिन चालू केलं, टाकीवर एक नाणं उभं केलं आणि म्हणाला, ‘बघ.’ नाणं उभंच! मी फुंकर मारून पाडलं तेव्हा पडलं.

‘तुझ्या काळीवर नाणं नाही, आख्खा बँक मॅनेजर ठेवला तरी खाली पडेल,’ म्हणाला. ‘घेऊन जा, फिरव. पण परत आण रे बाबा!’

डोंगराखालच्या बोगद्यातून पलीकडे सिस्सूपर्यंत नेली. काय लिहू? बोगद्यातून बाहेर पडलो तर समोर सगळे डोंगर बर्फानं भरलेले, आणि ते हलत नव्हते! वीस वर्षं मी हे डोंगर हलताना बघतोय. मला वाटायचं डोंगर असेच दिसतात. आणि आरसा! आरशात मागच्या ट्रकचा ड्रायव्हर दिसला – त्याच्या मिशा दिसल्या! काळीच्या आरशात नुसता धुरकट डाग दिसतो, आणि मी आपला समजत होतो की सगळ्यांचे आरसे तसेच. नदीचा आवाज ऐकू आला. चालत्या गाडीवर! सिस्सूच्या धबधब्यापाशी थांबलो, हेल्मेट काढलं. तिथं मी शंभरदा थांबलो असेन, पण धबधब्याला इतकं पाणी आहे हे आजच दिसलं.

बोटांना मुंग्या नाहीत. तासभर झाला तरी नाहीत.

अंगरूप म्हणाला, ‘काळी दे, वरचं हप्त्यानं दे. तोंड का पाडलंयस? लग्नाचं स्थळ आहे का, मुलगी पळून जाईल म्हणून?’

१९ जून

चैत्रीला सांगितलं नाही.

२० जून

आज एक करून पाहिलंच. अंगरूपकडून लाल पुन्हा मागून घेतली आणि घरी नेली. पुलावरून आलो, चढ चढलो, अंगणात लावली. सज्जा रिकामा. चहा नाही.

वर गेलो तर चैत्री चुलीकडे पाठ करून राजमा निवडत होती. खांद्याला हात लावला तर केवढी दचकली! लग्नानंतर पहिल्यांदा तिला माझ्यामुळे दचकताना पाहिलं. मग तिनं खाली वाकून लाल गाडीकडे बघितलं, आणि हातांनी विचारलं – कुणाची? म्हटलं, अंगरूपची. मान डोलावली. हातांच्या बोलीत ‘अहो’ नाही, त्यामुळे ती मला अरे-तुरेच करते. म्हणाली – तुला शोभते!

मला मात्र जेवण गेलं नाही. त्या गाडीवर तिच्यासाठी मी मुकाच की!

२१ जून

बटण लागलं. पण तीनदा निसटलं.

२३ जून

मला ठरवता येईना, म्हणून देवाला विचारलं. आमच्याकडे गाय घ्यायची तरी विचारतात, ही तर गाडी.

दिलेराम काका एरवी सफरचंदांवर औषध फवारतात आणि तंबाखू मागत फिरतात. पण देवळाच्या अंगणात टोपी काढली, केस मोकळे सोडले आणि ढोल सुरू झाला की ते काका राहत नाहीत. देव अंगात येतो, सगळं अंग कापायला लागतं. लहानपणापासून बघतोय, तरी आजही काटा आला. म्हटलं, ‘महाराज, घरात लाल गाडी आणू का?’ त्यांनी तांदळाचे मोजके दाणे माझ्या उजव्या तळहातावर ठेवले. मी मूठ मिटली, कपाळाला लावली, उघडली. दाणे विषम आले तर हो, सम आले तर नाही.

चार!

खोटं कशाला लिहू – बरं वाटलं. देवानंच नाही म्हटलं, मी काय करणार? एकाच गोष्टीचं देवाला दोनदा विचारायचं नसतं. बायकांच्या रांगेत चैत्री उभी होती; लाल गाडीचं विचारणार, एवढंच तिला सांगितलं होतं. तिच्याकडे बघून मी चार बोटं दाखवली. ती हसली नाही. खाली जमिनीकडे बघत होती.

काळी राहणार. हा मोसम गाडी चालवीन, मग बघू. सातऐवजी तीनच माणसं नेईन. सावकाश जाईन.

२४ जून

सकाळी चैत्रीनं मला धरून बसवलं आणि तोंडासमोर पंजा धरला. पाच.

पाच काय? तिनं डोक्याच्या रुमालाची गाठ सोडली. आत तांदळाचा एक दाणा. मग माझा उजवा हात घेतला, मूठ मिटवली आणि दोन बोटांमधल्या फटीत नख घालून दाखवलं – इथून. मूठ मिटताना इथून पडला. तुला कळलं नाही!

खरंच नव्हतं कळलं. अंगणभर माणसं, ढोल, धूप, आणि या बाईनं बारा पावलांवरून एक दाणा पडताना पाहिला! बोटांचं मी तिला सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाली – बटणं लावताना मी काय डोळे मिटून असते? मग डॉक्टरांचंही सांगावंच लागलं.

तडक दिलेराम काकांकडे गेलो. झाडावर औषध मारत होते. दाणा दाखवला. म्हटलं, ‘काका, आता काय धरायचं? चार की पाच?’

‘देवानं पाच दिले, तुझ्या हातानं चार घेतले,’ म्हणाले. ‘आता यात देवाचं काय चुकलं? जा, मला काम आहे. आणि तंबाखू आहे का?’

तरी अंगरूपला फोन केला नाही. चैत्री दिवसभर माझ्याकडे बघत होती. देव हो म्हणाला, बायको हो म्हणते, डॉक्टर हो म्हणतो, मग घोडं अडलंय कुठं – असं तिचे हात चारदा म्हणाले. मी चारदा गोठ्यात गेलो.

२५ जून

आज सांगून टाकलं. म्हटलं, लाल आली तर घर थरथरणार नाही. मी आलेला तुला कळणार नाही. ते मला सोसवणार नाही, म्हणून नको म्हणतोय.

ती आधी हसली, मग डोळे पुसले. म्हणाली – पायांना मला कधीच काही कळलं नाही. तू यायच्या दिवशी सकाळपासून मी वरच्या खिडकीत बसते. पुलापलीकडच्या वळणावर काळी दिसली की चहा ठेवते. तू सगळ्यांना इतक्या कौतुकानं सांगायचास, मला तुझं मन मोडवेना.

सतरा वर्षं!

लाल आण म्हणाली. फक्त वळणावर आलास की हात वर कर, हल्ली लाल गाड्या फार झाल्यात.