दोनशे शहाऐंशी मीटर

अहो,

तुमची अंतर मोजणारी लेसरची दुर्बीण घ्यायला अकरा वाजता वाघोलीचे एक गृहस्थ येतील. नेटवर जाहिरात मीच टाकली, तुम्हाला न विचारता. ‘फारशी वापरलेली नाही’ असं लिहिलंय. नेमबाजीला तुम्ही ती चारदाच नेलीत. लेकीच्या लग्नाला गेला नाहीत, पण तेव्हापासून रोज बाल्कनीत बसून समोरच्या सोसायटीतलं तिचं घर त्यातून बघता, ते नाही लिहिलं.

आज मीही बटण दाबून पाहिलं. तनयाची बाल्कनी दोनशे शहाऐंशी मीटरवर आहे. चालत चार मिनिटं.

दुर्बीण द्यायची की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी बारशाला पुढे जातेय. पाळणा आजोळचा लागतो, तो आणून दाराशी ठेवलाय. मला एकटीला उचलवत नाही.

कुसुम