घमेल्याला भविष्य नाही

२ मे १९७२, सकाळ
निर्णय पक्का. दिलावरभाईंचं केडगावचं शेड सोडायचं. दोन वर्षं पत्रा कापला, पावत्या फाडल्या, घमेली डोक्यावरून स्टँडपर्यंत नेली. बस्स झालं. यापुढे घाम दुसऱ्याचा, पैसा आपला. मुंबईत याला फायनान्सर म्हणतात.

३ मे
दिलावरभाई म्हणाले, कानिफभाऊ, तुमचा चार आणे हिस्सा तरी राहू द्या, धंदा आत्ता कुठं उभा ऱ्हातोय. मी म्हटलं, रोख द्या. घमेल्याला भविष्य नाही. तळाच्या 'दि. का.' शिक्क्यातलं माझं 'का.' पण काढून टाका. नव्या मशीनसाठी ठेवलेले अठराशे त्यांनी दिले. डोळे ओले होते. धंद्यात भावना आणू नये.

१२ मे
नगरला कोर्टामागे टेबल टाकलं. पाटी : 'नव्या धंद्यास भांडवल मिळेल.' पहिला इसम पितळी हंडा घेऊन आला. गहाण ठेवायला! समजावलं : गहाण नाही, व्याज नाही, फक्त नफ्यात वाटा. आन् बुडालं तर? तर काही देणं नाही. हंडा उचलून तो उठलाच. बाहेर सांगत होता, पैसं परत मागत न्हाई म्हंतो, ह्याचा डोळा जमिनीवर हाय.

९ जून
महिना झाला. कुणीही नाही. लोक मागासलेले. पाटी मोठी करून घेतली.

१४ जून
अखेर धंदा सापडला! श्रीरामपूरचा गोरक्ष, गोटी सोड्याचा कारखाना. सगळी रक्कम दिली. घरी बायकोने, चांगुणाने विचारलं, सोडा कशाचा करत्यात? पान्याचाच ना? बायकांना फायनान्स कळत नाही.

२० ऑगस्ट
पाऊस नाही. उत्तम. गिऱ्हाईक तहानलेलं राहील.

१५ ऑक्टोबर
गोरक्षचं कार्ड. विहीर आटली. बाटल्या आहेत, गोट्या आहेत. तो लिहितो, धीर धरा. धरतो आहे.

३ नोव्हेंबर
दुष्काळी कामांसाठी दिलावरभाईंना हजारो घमेल्यांची ऑर्डर. म्हणे तीन पाळ्या चालतात. तात्पुरती लाट.

२६ नोव्हेंबर
भाड्याचं टेबल परत केलं. चांगुणा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी तिचे हात बघवत नाहीत. भीती वाटते. पुढे काय, काहीच सुचत नाही. फक्त इथे लिहितो.

१० डिसेंबर
केडगावला गेलो. शेडमधून पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. फाटकातूनच परतलो. बोलवायचं तर दिलावरभाईंनी बोलवावं.

१२ जानेवारी १९७३
आजपासून मीही खडीच्या कामावर. तात्पुरतं. चांगुणा फोडते, मी वाहतो. मुकादमाने कोरं करकरीत घमेलं दिलं. उलटं करून पाहिलं. 'दि. का.' दिलावरभाईंनी माझं अक्षर अजून काढलेलं नाही. चांगुणाला दाखवलं. तिने नीट वाचलं. म्हणाली, व्हय, तुमचंच हाय. धरा आता, भरते.