याडीची मिरची अन् माहं काचघर

मु. तांडा, पो. मुकुटबन
होळीच्या तोंडावर

आमचे एकुलते एक साळे पूनमसिंगभाऊ यास बाबूसिंगचा रामराम.

तू, तुहे बैल अन् तुही म्हैस समदे खुशाल असाल असं धरून चालतो. माह्या तब्येतीचं पुसू नको. तुही बहीण होळीसाठी तुह्याकडे आल्यापासून भाकर मीच थापतो अन् मीच खातो; उरली तं कुत्रं येते, हुंगते अन् निंगून जाते. पण पत्राचं कारण भाकर नाई, मिरची हाये.

तुले मालूम हाये का तुह्या याडीच्या, म्हंजे माह्या सासूच्या, वावरातली ती बारकी तिखट मिरची अख्ख्या मुलुखात नाई. मागच्या साली म्हातारी गेली अन् तिच्या हातचं तेवढं मूठभर बी उरलं. तुह्या बहिणीनं, हंसाबाईनं, ते फुटक्या मडक्याईत अन् तेलाच्या डब्याईत पेरलं, अन् बकऱ्या-कोंबड्याईच्या भेवानं रोपं घरात दाराशी ठेवली. निंगताना मले बजावलं का रोज पाणी घाला, बाकी काईच करू नोका. आता तूच सांग, माणसाच्या जातीले असं सांगावं काय? (माह्या बापानं मले विहिरीत वाकू नको म्हटलं होतं. पुढचं तुले ठाऊकच हाये.)

ती गेली अन् मी यवतमाळले शेतीचं प्रदर्शन पाहाले गेलतो. तिथं एका तंबूत काचेच्या घराचं मोठ्ठं चित्र टांगलं होतं. एक कोटवाला साहेब सांगून राह्यला होता का तिकडं परदेशात मिरचीचं रोप आधी घरात वाढवते, मंग वसंत लागला का काचघरात हलवते, अन् झाड मिरच्याईनं लदून जाते. म्या म्हटलं, बापा, अर्धं काम तं आमच्या बाईनं न शिकताच केलं! साहेब पुढं बी काई सांगत होता, पण यष्टी सुटाले आलती, अन् जागा धरणं जास्त जरुरी होतं.

मंग वणीच्या भंगारवाल्याकडून जुन्या खिडक्या आणल्या, अन् आंगणात उन्हाच्या जागी चारी बाजूनं काच उभी केली, वरतून बी काच. बकरी शिरू नये म्हणून एकूण एक फट शेणामातीनं लिंपली. (काम पक्कं करावं, हे माहं पहिल्यापासूनचं हाये.) एकेक डबा पोटाशी धरून आत ठेवला. दुपारी पाह्यलं तं काचेले आतून घाम फुटला होता. म्या खूश. दुसऱ्या दिवशी रोपाईनं माना टाकल्या. म्या म्हटलं, तहान लागली असंल, हंडाभर पाणी ओतलं अन् फट पुन्हा लिंपली. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तं पालेभाजी शिजल्याचा वास आला. ग्रामसेवक आला, पाह्यलं, अन् पोट धरून खाली बसला. म्हणे ते काचघर बर्फाच्या मुलुखासाठी असते; आपल्याइथं फागुनात रोपाले सावली पाह्यजे, तुम्ही तं ऊन कोंडून ठेवलं! अरे, मंग चित्राखाली मोठ्या अक्षरात लिहा ना! यष्टीवाल्या माणसाचा काई इचार?

त्याच्यात शेजारची शकुबाई सूपभर पापड घेऊन आली अन् म्हणते, भाऊ, आत जागा हाये काय? दुपारपर्यंत पापड कडक. आता अख्खा तांडा माह्या दारात कुरड्या घेऊन उभा हाये अन् माहं नाव घेऊन हसून राह्यला. हसा म्हणा. पण भाऊ, खरं सांगतो, म्हातारीची आखरी मिरची माह्या हातानं मेली, अन् आज म्या भाकर थापलीच नाई.

तुहा भावजी,
बाबूसिंग

ता. क. : म्हणून असं कर. तुह्या घरात चुलीवरच्या आढ्याले याडीच्या टायमाची एखादी वाळकी मिरची अजून लटकली असंल. ती गुपचूप काढ अन् येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती धाडून दे. हंसाबाईले हवा लागू देऊ नको.

ता. क. दुसरं : मिरची धाडू नको. आत्ता शकुबाई कुरड्या न्याले आली. मले रडताना पाहून तिनं आपल्या परसात नेलं. तिथं मांडवाच्या सावलीत याडीच्या मिरचीची समदी रोपं उभी, हिरवीगार, दोन-तीन रोपाईले कळ्या बी! तुही बहीण जायच्या आदल्या दिवशी तिच्याकडं ठेवून गेलती. म्या शिजवली ती रोपं बाजारच्या बियाची होती. ती खास माह्यासाठी लावली होती म्हणे. आता भाऊ, मी प्रदर्शनात गेलतो ते ती गेल्यावर, अन् ते बाजारचं बी तं तिनं महिन्याआधी पेरलं होतं. मंग माह्या डोक्यात काचघर यायच्या आधीच तिले कसं समजलं? हे तिले जरूर पूस.

ता. क. तिसरं : नको, पुसू नको. फकत म्हणजो का रोपं खुशाल हायेत, होळी झाली का लवकर ये. कोणती रोपं, ते ती पुसणार नाई.