आईला किनाऱ्यावर नेतोय

मनू,

रात्रपाळी करून आत्ता कुठे तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. तुझ्या आईला घेऊन खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर चाललोय. रागावू नकोस.

डॉक्टर नको म्हणालेत, ठाऊक आहे. पण रिपोर्ट आल्यापासून ती धड बोलत नव्हती, ऑपरेशनच्या कागदावर सहीही करत नव्हती. आज चहा घेताना एकदम म्हणाली, "थंडी पडली, पक्षी आले असतील ना हो? दर वर्षी जायचो आपण." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की जाऊ." तर म्हणाली, "पुढच्या वर्षीचं कुणाला सांगताय?" उठलो आणि गाडीची किल्ली घेतली.

गोळ्या, पाणी, शाल, घडीची खुर्ची, सगळं घेतलंय. वाळूत तिला चालू देणार नाही. साडेतीनला भरती लागते, त्याआधी तिथून निघू. तिकडे फोन लागत नाही. पाचपर्यंत आलो नाही तर काकाला पाठव.

तुला म्हणून सांगतो, मी घाबरलोय. मघाशी पायऱ्या उतरतानाच तिला दम लागला. "राहू दे का?" विचारलं, तर गाडीत बसून पट्टा लावून मोकळी झाली. वर मलाच म्हणाली, "तो सहीचा कागद राहिला, घेऊन या." सही करते म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. तोच न्यायला आत आलो होतो.

हॉर्न वाजवतेय. निघतो.

बाबा