वाळीतल्या घरचा चहा

बाबा, आपल्या आळीतलं ते वाळीत टाकलेलं घर, त्याचा थोरला मुलगा मला इथे बहरीनमध्ये भेटला आणि भेटल्या भेटल्या त्याने माझं थोबाड फोडलं. इथल्या रिफा शहरात एका बंगल्यावर एसीच्या कामाला गेलो होतो (ही तिसरी नोकरी, ड्रायव्हरकी का सोडली ते परत कधीतरी), तो तिथे सुतारकाम करत होता. त्याने गाव विचारलं, आळी विचारली, आणि ठोसा. "गावकीची अवलाद," म्हणाला. मी म्हटलं, "मास्तरांचा मुलगा मी." तेव्हा हात खाली आला. "आधी सांगायचंस ना मेल्या," म्हणत त्यानेच बर्फ आणला. तुम्ही गेलात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

त्याची गावकीवर कोर्टात केस चालू आहे. गावकी म्हणते, आळीत यांचं घर नव्हतंच. घर तर जाळून सपाट केलंय. वकिलाने जनगणनेचे कागद काढले, पण त्यात गावाची घरं न् डोकी तेवढी. नावं सरकार कुणाला देत नाही. मग आम्ही दोघं शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बसून आळी आठवतो, उंबऱ्यामागून उंबरा, कोण मेलं, कोण मुंबईला गेलं. त्यांच्या दाराशी आलो की तुम्ही दिसता. खांद्याला जनगणनेची पिशवी, आणि नंबर टाकायचा गेरू माझ्याकडे. गावकीने बजावलंय, ते घर बंद लिहा. तुम्ही आत जाता, एकेक माणूस लिहिता, आणि त्याची आई चहा देते तो पिता. लिहिलेलं एक वेळ खपलं असतं, सरकारी काम. चहा नाही खपला. देवळासमोर बांबूच्या काठ्यांनी तुम्हाला मारतायत, कानातून रक्त येतंय, मला सख्ख्या काकाने दाबून धरलंय, आणि कुणीतरी हसत विचारतंय, "मास्तर, साखर बरोबर होती काय?" त्या कानाने तुम्हाला परत कधी ऐकू आलं नाही.

वकिलाला डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा होता. सुतार म्हणाला, "तू बोललास तर तुझ्या आईला वाळीत टाकतील. मी जबरदस्ती नाही करणार." काल इथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. घर, चहा, काठ्या, काकाचं नावसुद्धा.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे, ते काही माहीत नाही. सकाळी आईचा फोन आला. काकाकडे सत्यनारायण आहे, तिकडेच निघाली होती, नवी साडी नेसून. "गप्प का रे?" म्हणाली. मी म्हटलं, रेंज नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.