बाजारात उतरलेलं वाक्य

१२ नोव्हेंबर १२८६, पॅरिस

आमच्या एव्हरार गुरुजींवर पाखंडाचा खटला! वाक्य एकच — 'घडलेलं न घडलेलं करणं देवालाही शक्य नाही.' अख्खं विद्यापीठ त्यावर भांडतंय. आज तासाला बसायला जागा नव्हती. मी खिडकीत!

१४ नोव्हेंबर

राजाचा वकील गुरुजींच्या बाजूनं! का, ते माझ्या वर्गातल्या लांबेरनं शोधून काढलं. राजाच्या आज्याला मठानं जमीन दिली होती. बिशप म्हणतो, ते दान झालंच नाही असं धरा. लांबेर म्हणाला, "राजाला देवाचं काय पडलंय रे? कुरणं हवीत त्याला." असेना! वाक्य वाचलं म्हणजे झालं.

१९ नोव्हेंबर

सुटले! गुरुजींनी न्यायसभेला एवढंच विचारलं — "देव खोटं बोलत नाही ना? मग घडलेलं बदलायला लावून त्याला खोटं का पाडता?" त्यांना खांद्यावर घेऊन पुलापर्यंत नाचलो. मग मी मासळीबाजारात पिंपावर चढलो आणि तेच लॅटिन वाक्य आपल्या बोलीत सांगितलं. भर दुपारी, घसा फोडून!

लोकर कातणारी एर्साँद कमरेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे नवऱ्यानं मला मारलं, ते देवालाही पुसता येत नाही? मग पाद्री मला रोज विसर, विसर का म्हणतो?"

वर्गात हे कुणाला सुचलं नव्हतं. मी हवेतच!

२३ नोव्हेंबर

एर्साँद आता विहिरीवर बायका जमवून तेच सांगते. पाद्र्याकडे पापं कबूल करायला कुणी फिरकत नाही म्हणे. कुठून कुठे गेलं आमचं वाक्य!

१ डिसेंबर

राजा आणि बिशप यांचा समेट. जमीन निम्मी-निम्मी. गुरुजींना बिशपच्या न्यायसभेत जागा! हेरिंग मासे आणि तांबडी वाईन — लांबेरला उचलून घरी आणावं लागलं.

४ डिसेंबर

एर्साँदवर खटला. तेच वाक्य. न्यायासनावर गुरुजी.

ती म्हणाली, "तुम्हीही हेच म्हणाला होतात ना?"

गुरुजी म्हणाले, "आम्ही लॅटिनमध्ये म्हणालो होतो."

कुणाकडून ऐकलंस, असं विचारलं. तिनं गर्दीत सरळ माझ्याकडे पाहिलं. "अंधार होता. तोंड दिसलं नाही."

उद्या निकाल. त्याआधी जाऊन नाव सांगणार आहे. माझं.